तर्जनी गेली, कागदावर १४ टक्के: डिसेबिलिटी पेन्शन कुठे अडलं?

जयहिंद हवालदारसाहेब,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकत असेल तर सांगा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुम्ही १९९७ ला भरती झालात. २०१४ मध्ये एक्सरसाइजवर, म्हणजे युद्धसरावात, सामान उतरवताना ट्रकचा टेलबोर्ड हातावर आपटला आणि डाव्या हाताची तर्जनी मुळापासून काढावी लागली. २०२१ मध्ये टर्म पूर्ण करून घरी आलात, आता भोसरीला सिक्युरिटी सुपरवायझर आहात. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने, दुखापत सेवेमुळेच झाली हे मान्य केलं, पण अपंगत्व १४ टक्के लिहिलं. मग रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, देय नाही. मोबाइलवर शोधल्यावर तुम्हाला तर्जनीचे २० टक्के दिसले. त्यातच खडकीत एक जण भेटला, म्हणतो पंधरा हजार द्या, १४ चे ५० करून आणतो. तुम्ही विचारता, बोर्डाने माझे सहा टक्के मारले का, आणि या माणसाला पैसे देऊ का?

पैसे देऊ नका. का, ते पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. आर्मी मेडिकल कोअरमध्ये क्लार्क होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. शेवटची नऊ वर्षं मेडिकल बोर्डाच्या कागदांतच गेली. आता दिघीत राहतो आणि आपल्या लोकांच्या फायली बघून देतो. बोटांच्या बऱ्याच फायली माझ्या हाताखालून गेल्या. टेलबोर्ड, तोफेचा ब्रीच, जनरेटरचा पट्टा, लंगरमधलं कणीक मळायचं मशीन, एकदा तर बराकीचा लोखंडी दरवाजा.

आधी त्या मोबाइलवरच्या २० टक्क्यांचं बघू. तो तक्ता अमेरिकेचा आहे, त्यांच्या माजी सैनिक खात्याचा. इंग्रजीत शोधलं की तोच सगळ्यात वर येतो. तर्जनी मधल्या सांध्यापाशी किंवा त्याहून तळहाताकडे कापली गेली असेल तर तिथे २० टक्के धरतात. तळहातातलं हाडही अर्ध्याहून जास्त गेलं असेल तर कामाच्या हाताला ३० आणि दुसऱ्या हाताला २०. बोटाचं टोकाकडचंच गेलं असेल तर १०. म्हणजे तुमचा हात तिथे मोजला असता तर २० आले असते, हे तुमचं वाचन बरोबर आहे. फक्त तो देश वेगळा. त्यांच्याकडे टक्के दहाच्या पटीत देतात, १४ असा आकडाच तिथे होत नाही, आणि दहा टक्क्यांपासून दरमहा पैसे सुरू होतात. आपल्याकडे त्या तक्त्याची प्रिंट अपिलाला जोडून काही होत नाही. उलट वाचणारा पहिल्याच पानावर ओळखतो की या माणसाने स्वतःची फाइल उघडलेली नाही.

दुसरा एक तक्ता भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपवाल्यांना पाठ असतो. तो मुळात १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्यात अंगठा ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक पेर ९. मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं गेली तर २०. तुमचा १४ हा आकडा इथे जसाच्या तसा सापडतो, म्हणून बोर्डाने तो हवेतून काढला असं मला वाटत नाही. पण कामगाराला १४ टक्क्यांवर भरपाई मिळते, कारण त्या कायद्यात खालची मर्यादा नाही. सैनिकाच्या पेन्शनला आहे, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय.

डिसेबिलिटी एलिमेंट मिळायला दोन गोष्टी लागतात. अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं, आणि ते २० टक्के किंवा जास्त असावं. बहुतेक लोक पहिल्याच दारात अडकतात. बीपी, शुगर, पाठ यांच्या फायलींवर ‘एनए-एनए’ (सेवेमुळे आलेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही) हा शिक्का इतका बसतो की आमच्या ऑफिसात त्याला नमस्काराचा शिक्का म्हणायचे. तुम्ही ते दार ओलांडलंय आणि ते लहान काम नाही. युनिटने इंज्युरी रिपोर्ट वेळेत भरला, ड्यूटीवर असल्याचं लिहिलं, म्हणून ते झालं. तुमच्या त्या वेळच्या हेड क्लार्कला एकदा फोन करून धन्यवाद द्या.

दुसरं दार २० टक्क्यांचं. ते किती निष्ठुर आहे ते रुपयांत बघा. शेवटचं हिशोबाला धरलेलं वेतन सोयीसाठी ४५,००० समजू. शंभर टक्के अपंगत्वाला त्याच्या ३० टक्के, म्हणजे १३,५०० मिळतात. कमी टक्क्यांना त्या प्रमाणात कमी. यावर ब्रॉड बँडिंग येतं, म्हणजे ५० च्या खालचा आकडा ५० धरायचा, ५० ते ७५ चा ७५, त्याच्या वरचा १००. नियमाप्रमाणे आधी हे बोर्ड-आउट झालेल्यांनाच, म्हणजे अपंगत्वामुळे टर्मच्या आधी काढलेल्यांनाच मिळायचं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात टर्म पूर्ण करून आलेल्यांनाही ते लागू केलं. म्हणजे २० टक्केवाला ५० वर जातो आणि दरमहा ६,७५० घेतो, वर महागाई भत्ता. १९ टक्केवाल्याला शून्य. एका टक्क्यात पावणेसात हजारांचा फरक.

खडकीतला माणूस याच ठिकाणी हातचलाखी करतो. तो म्हणणार, ‘५० च्या खालचं सगळं ५० होतं, तुमचे १४ पण होतील.’ होत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने विंग कमांडर राठोर यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की २० च्या खाली असाल तर डिसेबिलिटी एलिमेंटच देय नाही, मग वर न्यायचं काय? आधी २० पार करा, मग गोलाई.

याला एक दुसरी बाजू आहे. तुम्हाला बोटामुळे टर्मच्या आधी बोर्ड-आउट केलं असतं तर चित्र वेगळं असतं. २०१४ च्याच सुखविंदर सिंग निकालात कोर्टाचं म्हणणं होतं की ज्या माणसाला अपंगत्वामुळे नोकरीतून काढलं, त्याचं अपंगत्व २० च्या वर आहे असंच मानायचं. असे दलाल काहींना याच निकालाची झेरॉक्स दाखवतात. तुम्ही २४ वर्षं पूर्ण करून आलात, तुम्हाला तो लागत नाही. आणखी एक: २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत, त्यात शब्दही बदललेत, ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ वगैरे. तुम्ही २०२१ ला बाहेर पडलात, त्यामुळे त्या नियमांवरचे व्हिडिओ बघून डोकं फिरवून घेऊ नका.

इथपर्यंतचा हिशोब असा: सेवेशी संबंध मान्य आहे, १४ वर पैसे नाहीत, आणि १४ चे थेट ५० करणारा कायदा नाही. आता एकच खरा प्रश्न उरतो. बोर्डाने १४ टक्के कशाचे दिले, फक्त नसलेल्या बोटाचे की उरलेल्या हाताचे?

तुमच्या कागदावर, तुम्हीच लिहिलंय त्याप्रमाणे, निदान एका ओळीचं आहे: ट्रॉमॅटिक अॅम्प्युटेशन, लेफ्ट इंडेक्स फिंगर. पण तुमच्या प्रश्नात मध्येच एक वाक्य येऊन गेलंय, ‘मधलं बोट पूर्ण मिटत नाही आणि थंडीत जुन्या जागी करंट बसतो.’ तुम्ही ते सहज लिहिलंत. माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे.

टेलबोर्डने चिरडलेला हात आणि सुरीने कापलेलं बोट यांत फरक असतो. सुरी एक बोट नेते आणि शेजाऱ्याला हात लावत नाही. टेलबोर्ड शेजारच्या बोटाचा सांधा, त्यावरची कातडी, आतले दोर, सगळं दाबून जातो. मग सूज, मग प्लास्टर, मग आखडलेलं बोट. तर्जनी गेली की चिमटीचं काम मधलं बोट उचलतं, हात महिन्या-दोन महिन्यांत आपणहून शिकतो. सुई, शर्टाचं बटण, चुलीवरची पोळी उलटणं, सगळं अंगठा आणि मधलं बोट करतात. म्हणून नुसती तर्जनी गेलेल्याला हस्तशल्यवाले डॉक्टर फार मोठा टक्का देत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. पण तेच मधलं बोट जर अर्धं मिटत असेल, तर बदली कामगारच लंगडा आहे. मग नुकसान एका बोटाचं राहत नाही.

आणि तो करंट. कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला कधीकधी गाठ धरते, तिला न्यूरोमा म्हणतात. तपासणारा बोटाने किंवा पेनच्या मागच्या बाजूने त्या जागी टकटक करतो. ठरावीक एका बिंदूवर माणूस हात झटकन मागे घेतो. एका टेबलाशी मी हे इतक्या वेळा पाहिलंय की दुसऱ्या टकटकीलाच कळायचं, हे खरं आहे. काही जणांना साधी पिशवी त्या हाताने धरता येत नाही, पट्टा नेमका त्या बिंदूवर येतो.

साताऱ्याकडचा एक नाईक आठवतो. त्याचंही असंच, टक्के १६. तो मला म्हणाला, ‘साहेब, बोटाचं मला काही नाही, पण मोटारसायकलचा क्लच दाबता येत नाही, बायको चालवते आणि मी मागे बसतो.’ हे त्याने बोर्डासमोर सांगितलं का? नाही. बोर्डासमोर विचारलं होतं, ‘काही त्रास?’ आणि हा सवयीने म्हणाला, ‘ठीक है सर.’ चोवीस वर्षं ‘ठीक है’ म्हणायची सवय लागलेला माणूस त्या दिवशी वेगळं कसं बोलणार? त्याच्या जुन्या कॅटेगरायझेशनच्या, म्हणजे सेवेत असताना प्रकृतीची श्रेणी ठरवणाऱ्या बोर्डाच्या, कागदात मधल्या बोटाचा आखडलेपणा अंशांमध्ये मोजून लिहिलेला होता. शेवटच्या बोर्डात ती ओळच गळली होती. अपिलात आम्ही बाकी काही बडबड न करता ते दोन कागद शेजारी-शेजारी लावले. फेरतपासणी झाली आणि एकत्रित आकडा २४ आला.

त्याचा आकडा वाढला म्हणून तुमचा वाढेल असं मी म्हणणार नाही. ते तुमच्या मधल्या बोटावर, त्या गाठीवर आणि मुख्य म्हणजे जुन्या कागदांवर अवलंबून आहे. सेवेत असताना कुठेच न लिहिलेला त्रास आज सांगितला तर पहिला प्रश्न येणार, ‘हा नंतर भोसरीच्या नोकरीत झाला नाही कशावरून?’

म्हणून आधी कागद. रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करा, महिनाभरात हललं नाही तर माहिती अधिकारात मागा. मागायचं काय? रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, म्हणजे एएफएमएसएफ-१६, सगळ्या पानांसकट. तिच्याआधीचे सगळे कॅटेगरायझेशन बोर्ड, एएफएमएसएफ-१५. इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिची कार्यवाही. आणि २०१४ मध्ये जिथे ऑपरेशन झालं तिथलं डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या नोंदींसह. फिजिओची वही लोक विसरतात. तिच्यात दर आठवड्याला बोट किती मिटलं ते लिहिलेलं असतं, आणि ती लिहिणाऱ्याला पेन्शनशी काही देणंघेणं नसतं, म्हणून तिचं वजन जास्त.

कागद आले की शेप कॅटेगरीतलं, म्हणजे फौजेतल्या प्रकृतीच्या श्रेणीतलं, ‘ए’ हे अक्षर शोधा. ते हातापायांचं. २०१४ ते २०२१ त्यासमोर काय-काय लिहिलंय ते तारखांसह एका कोऱ्या कागदावर उतरवा. मग १६ नंबरच्या फॉर्मवर टक्क्यांचा तक्ता बघा. तिथे प्रत्येक अपंगत्वाचा वेगळा टक्का असतो आणि पुढे सगळ्यांचा मिळून एकत्रित. तुमच्या तक्त्यात एकच ओळ असेल आणि जुन्या कागदांत दोन किंवा तीन असतील, तर अपिलाला मुद्दा आहे. जुन्या कागदांतही एकच असेल, तर मुद्दा कच्चा आहे, हे मनाशी धरा. आणि ते टक्के साध्या बेरजेने जुळत नाहीत. १४ आणि ८ म्हणजे २२ असं कागदावर मांडून आशेवर राहू नका, एकत्रित आकडा बोर्ड ठरवतं.

डावा-उजवाही तपासा. हसू नका. मी स्वतः एकदा एका सॅपरच्या (इंजिनिअर्समधल्या जवानाच्या) फॉर्मवर ‘लेफ्ट’ च्या जागी ‘राइट’ टाइप केलं. सही करणाऱ्या तिघांच्या नजरेतून ते सुटलं, आणि त्या पोराचा कागद दुरुस्त होऊन यायला आठ महिने गेले. आजही एखादी फाइल उघडली की मी पहिलं तेच बघतो. तुम्ही डावखुरे असाल, तर तेही कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.

अपिलाची वाट अशी. नकाराच्या पत्रानंतर सहा महिन्यांत पहिलं अपील, ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत अपिलाच्या पहिल्या समितीकडे जातं. तिथे नाही झालं तर दुसरी समिती. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी त्याचं मुंबई खंडपीठ. तुमचे सहा महिने कधीच उलटलेत. तरी अपील करा, उशिराचं कारण सरळ लिहा: फॉर्मची प्रत मिळाली नव्हती, टक्का कशाचा ते माहीत नव्हतं. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने नाकारला जातो, म्हणून उशिरामुळे तो मरत नाही. पण थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून हेच चाललंय. त्यामुळे ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणालात तर दर महिन्याला मागचा एक महिना गळतो. ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर तक्रार टाकली म्हणजे अपील झालं असंही बरेच जण समजतात. ते अपील नव्हे.

अपिलासोबतच टक्क्याची फेरतपासणी मागा. बोर्डाचा टक्का आयुष्यभरासाठी अंतिम धरला जातो, पण सैनिकाने स्वतः मागितलं तर पुनर्विचाराची सोय फेब्रुवारी २००१ च्या आदेशातच आहे. त्याआधी हात नीट तपासून घ्या. ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, हाडांच्या किंवा हस्तशल्याच्या डॉक्टरांकडे रेफरल घ्या आणि त्यांच्याकडून सर्टिफिकेट मागू नका, मोजमाप मागा: मधल्या बोटाचे तिन्ही सांधे किती अंश वाकतात, मूठ मिटल्यावर बोटाचं टोक तळहातापासून किती सेंटिमीटर राहतं, दोन्ही हातांची पकड किती किलो, गाठ नेमकी कुठे. ‘तीव्र अपंगत्व आहे’ या वाक्यापेक्षा ‘टोक तळहातापासून साडेतीन सेंटिमीटर दूर राहतं’ हे वाक्य बोर्डाला ऐकावं लागतं.

ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयाचा दिव्यांग दाखला काढू का, असंही तुम्ही विचारलंय. काढा, हरकत नाही. पण तो २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचा, तिथले बहुतेक फायदे ४० टक्क्यांपासून सुरू होतात आणि एका बोटावर कोणी ४० पर्यंत पोचत नाही. लष्करी बोर्डही त्या आकड्याने बांधलेलं नाही.

एक इशारा, आपला माणूस म्हणून. फेरतपासणीत हात आहे त्यापेक्षा वाईट दाखवू नका. पकड मोजायच्या यंत्राचं हँडल पाच ठिकाणी सरकवता येतं. खरा हात मधल्या ठिकाणी जास्त जोर दाखवतो आणि अगदी आखूड किंवा अगदी रुंद पकडीत कमी. मुद्दाम हळू दाबणाऱ्याचा आकडा पाचही ठिकाणी जवळपास सारखा येतो. एका बोर्डात डॉक्टरांनी काही न बोलता हँडल पाच वेळा सरकवलं, पाच आकडे लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्या माणसाचा न्यूरोमा खरा होता. पण त्यानंतर त्याचं कोणी काही मनापासून ऐकलं नाही.

मदत लागली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपिलाचा मसुदा फुकट बघून देतात. वकील न्यायाधिकरणाच्या टप्प्यावर लागतो, त्याआधी नाही. पंधरा हजार तोवर बँकेत ठेवा.

१६ नंबरचा फॉर्म हाती आला की टक्क्यांच्या तक्त्याचं पान आणि २०१४ नंतरच्या पहिल्या कॅटेगरायझेशनचं पान, या दोनच पानांचे फोटो पाठवा. आर्मी नंबर, आधार आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर कागदाच्या पट्टीने झाका. आणि डाव्या हाताची मूठ मिटून, बाजूला पट्टी धरून एक फोटो काढा, मधल्या बोटाचं टोक आणि तळहात दोन्ही दिसतील असा. फोटो सकाळी काढा, हात शेकायच्या आधी.